साहेबांची मर्जी आणि आपलं टेबल

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मला तो असा समजला: पंचायत समितीत कनिष्ठ सहायक म्हणून तुम्हाला सहा वर्षं झाली. टेबलावर काही तुंबलेलं नसतं, टपालाला वेळेत उत्तर जातं. शेजारचा सहकारी मात्र दिवसातून दहा वेळा गटविकास अधिकाऱ्यांच्या केबिनमध्ये. साहेबांच्या मुलाला क्लासला सोडतो, हंगामात हुरडा आणि पेरू पोचवतो, ग्रुपवर साहेबांचा फोटो आला की खाली ‘कर्तव्यदक्ष’ लिहिणारा पहिला तोच. तुम्ही तीन वर्षं ज्याची वाट बघत होतात ते आस्थापनेचं, म्हणजे कर्मचाऱ्यांच्या सेवेच्या कागदपत्रांचं, टेबल त्याला मिळालं. आता तुम्ही विचारताय, “मलाही हे शिकावं लागणार का? मला जमत नाही, आणि नाही केलं तर शिष्ट म्हणतात.” शिवाय जाता जाता साहेबांच्या वाढदिवसासाठी मागितलेल्या पाचशे रुपयांचं विचारलंय. त्याचं उत्तर शेवटी देते, ते सोपं आहे.

मी १९८६ साली पश्चिम महाराष्ट्रातल्या एका जिल्हा परिषदेत लिपिक म्हणून लागले आणि २०१९ मध्ये सहायक प्रशासन अधिकारी म्हणून निवृत्त झाले. पहिली अठरा-वीस वर्षं लोणी लावणाऱ्यांकडे बघण्यात गेली आणि पुढची स्वतःला लागलेलं लोणी पुसण्यात. पुसण्यात म्हणते खरी, पण बऱ्याचदा ते लागलंय हेच कळलं नाही. तो भाग पुढे सविस्तर सांगते, कारण तुमच्या उपयोगाचा तोच आहे.

आधी तुमच्या प्रश्नाबद्दल. खुशामत करू की नको, हे तुम्ही विचारताय. पण तुम्हाला खुपतंय ते साहेबांना आपण दिसत नाही, हे. तुम्ही लिहिलंय, ‘माझं काम बोलेल असं मला वाटायचं.’ काम बोलत नाही हो. सरकारी काम तर मुळीच नाही. अडलेल्या फायलीला टेबल असतं, नाव असतं, कधी कधी कारणे दाखवा नोटीसही असते. वेळेत निघून गेलेली फाइल कुणाच्या हातून गेली, हे जावक नोंदवहीशिवाय कुणालाच ठाऊक नसतं. तुम्ही सहा गठ्ठा पद्धतीने, म्हणजे सहा गठ्ठ्यांत वर्गवारी करून, कागद लावून ठेवलेत, उत्तम. पण गठ्ठे कपाटात आणि साहेब केबिनमध्ये. तुमचा सहकारी आधी साहेबांना दिसला, मग आवडला. तुम्ही या दोन पायऱ्या एकच धरल्या आहेत, आणि दुसरी नको म्हणून पहिलीवरही पाय ठेवलेला नाही.

आता थोडा हिशोब करू. साहेबांच्या मर्जीने नक्की काय मिळतं? पदोन्नती नाही. ती जिल्हा पातळीवर सेवाज्येष्ठता यादी आणि बिंदुनामावलीवर, म्हणजे आरक्षणाच्या क्रमावर, चालते. कितीही हुरडा पोचवला तरी यादीतला तुमचा क्रमांक हलत नाही आणि त्याचाही नाही. बदल्या समुपदेशनाने, म्हणजे कर्मचाऱ्याला समोर बोलावून जागा निवडायला देऊन, होतात. आश्वासित प्रगतीचा, म्हणजे पदोन्नती न मिळताही वरच्या वेतनाचा, लाभ सेवेच्या दहा, वीस, तीस वर्षांनी असतो. साहेबांच्या हातात उरतं काय, तर टेबलांची वाटणी, रजेवरची सही, बैठकीला कुणाला सोबत न्यायचं ते, आणि तुमच्या कामाच्या वार्षिक अहवालातली प्रतवारी. हे काही थोडं नाही. रोजचं जगणं यातच असतं. पण खुशामतीचा बाजार या एवढ्याच मालाचा आहे, हे एकदा डोक्यात पक्कं झालं की निम्मी जळजळ कमी होते. शिवाय साहेब राज्य शासनाचे अधिकारी. २००५ च्या बदली कायद्याप्रमाणे त्यांचा एका जागी राहण्याचा सर्वसाधारण कालावधी तीन वर्षं. म्हणजे तुमच्या सहकाऱ्याने जी काही ठेव जमवली आहे ती तीन वर्षांनी साहेबांच्या सामानाबरोबर टेम्पोत चढते.

खोटं मात्र सांगणार नाही. लागोपाठच्या तीन साहेबांच्या मर्जीत राहिलेले लोकही मी पाहिलेत. पण त्यांच्याहून जास्त पाहिले ते दुसऱ्या प्रकारचे: नवे साहेब रुजू झाल्याच्या पहिल्याच दिवशी कुणीतरी कानाशी लागतं, ‘हा आधीच्या साहेबांचा माणूस’, आणि आठवड्याभरात तो माणूस अभिलेख कक्षात धूळ झाडत बसलेला असतो. त्याचं कामही वाईट नसतं कधी कधी. पण कामावरून त्याला कुणी ओळखतच नव्हतं.

परिस्थितीवर काय काय अवलंबून आहे, तेही आत्ताच सांगते. तुमची नोकरी कायम आहे, म्हणून मी हे सगळं इतक्या निवांतपणे लिहू शकते. तुमच्याच कार्यालयातल्या कंत्राटी डेटा एंट्री ऑपरेटरने विचारलं असतं, तर माझी भाषा वेगळी असती. ज्याची पुढची ऑर्डर एका सहीवर लटकलेली आहे त्याच्या आर्जवाला मी लाळघोटेपणा म्हणणार नाही. ते पोट आहे. खासगी कंपनीत साहेबाच्या हातात पगारवाढही असते, तिथला हिशोब निराळा. आणि तुम्ही बाई असतात तर आणखी एक गोष्ट बजावली असती: पुरुष साहेबाच्या कामाचं कौतुक करायचं, ते चार माणसांत आणि मोजून करायचं, कारण गावगप्पा तयारच असतात. मी स्वतः तेहतीस वर्षांत एकाही वरिष्ठाच्या कपड्यांबद्दल किंवा दिसण्याबद्दल चकार शब्द काढला नाही. मला मात्र ‘मॅडम, आजची साडी!’ हे आठवड्यातून दोनदा ऐकावं लागलं, ते सोडा.

आता खुशामत चालते कशी, हे बघू. आपल्याकडे या धंद्याला शब्द किती आहेत बघा: तोंडपुजेपणा, हांजी हांजी, हुजरेगिरी, चमचेगिरी, मस्का, पुढेपुढे करणं, गोंडा घोळणं, हरभऱ्याच्या झाडावर चढवणं. ज्या गोष्टीशी रोज गाठ पडते तिलाच भाषा इतकी नावं ठेवते. माझी लेक एका कंपनीत मनुष्यबळ विभागात आहे. तिने मला सांगितलं की एडवर्ड जोन्स नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९६४ मध्येच याचे प्रकार पाडून ठेवलेत. समोरच्याची स्तुती करणं, त्याच्या मताला दुजोरा देणं, स्वतःला त्याला आवडेल असं सादर करणं, आणि त्याची कामं करणं. मी म्हटलं, यात नवीन काय? तोंडपुजा, री ओढणं, टिमकी वाजवणं आणि सेवा. हे चारही प्रकार आमच्या आस्थापना शाखेत एकाच खिडकीपाशी बसायचे.

पण जोन्सचं एक म्हणणं मला फार पटलं. ज्याला साहेबांकडून काही हवंय त्यालाच खुशामत करावीशी वाटते, आणि त्याला काही हवंय हे दिसत असतं म्हणूनच त्याच्या खुशामतीचा संशय येतो. गरज जितकी मोठी तितकी स्तुती उघडी पडते. एप्रिल-मे जवळ आला की ज्यांना वर्षभर माझं नाव आठवत नव्हतं ते ‘मॅडम, तुमच्यासारखं ड्राफ्टिंग जिल्ह्यात कुणाचं नाही’ म्हणत यायचे. बदलीचा अर्ज खिशातून डोकावत असायचा. तुम्ही उद्यापासून सुरुवात केलीत तर तुमची गत हीच होईल. सहा वर्षं अबोल असलेला माणूस आस्थापनेचं टेबल हातचं गेल्यावर अचानक गोड बोलू लागला, तर साहेब सोडा, शिपाईसुद्धा हसेल. त्यामुळे ‘शिकू का’ याला माझं उत्तर नाही असं आहे, आणि त्याचं कारण नीतीचं नाही. तुम्हाला ते जमणार नाही आणि उशीरही झालाय.

मग लोकांना कळत असूनही ती लागू का पडते? याचाही अभ्यास झालाय म्हणे. २०१० मध्ये हाँगकाँगच्या दोन संशोधकांनी, इलेन चॅन आणि जयदीप सेनगुप्ता यांनी, दाखवलं की स्तुती खोटी आहे, मतलबाची आहे हे ओळखल्यावर माणूस वरवर ती झटकतो, पण मनाच्या तळाशी तिचा गोडवा उरतोच, आणि पुढे निवड करताना तो काम करतो. हे मला संशोधनाशिवायही माहीत होतं, कारण मी स्वतः त्यात सापडले होते.

माझ्या हाताखाली एक वरिष्ठ सहायक होते. अत्यंत गोड माणूस. ‘मॅडम, तुमच्या नजरेतून काही सुटत नाही’, ‘मॅडम, तुम्ही सही केलीत म्हणजे आम्ही निर्धास्त’. मला कळत होतं की हे जरा जास्त होतंय. घरी येऊन हसायचेसुद्धा. पण सकाळी ते केबिनमध्ये आले की बरं वाटायचं, हेही खरं. त्याच शाखेत एक बाई होत्या, तोंडाने फटकळ. त्या दोनदा येऊन सांगून गेल्या, ‘मॅडम, लेखापरीक्षणातल्या आक्षेपांची उत्तरं गेलेली नाहीत, एकदा बघून घ्या.’ मी त्या गृहस्थांना विचारलं. ते म्हणाले, ‘सगळं मार्गी लागलंय मॅडम, तुम्ही काळजीच करू नका.’ मला काळजी करायची नव्हतीच. मनात म्हटलं, या बाईंचं नेहमीचंच रडगाणं. त्या वर्षी मी त्यांना ‘चांगला’ लिहिलं आणि त्या गृहस्थांना ‘उत्कृष्ट’.

मग जिल्हा परिषदांचा कारभार तपासणारी विधिमंडळाची पंचायत राज समिती जिल्ह्यात येणार असं पत्र आलं. जिल्हा परिषदेत काम केलेल्या माणसाला या तीन शब्दांचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. लोक रजा रद्द करून परत येतात. फायली उपसल्या, तेव्हा कळलं की चाळीसच्या वर आक्षेपांना उत्तरच गेलेलं नव्हतं. काहींची कच्ची टिप्पणी तयार होती, माझ्यापर्यंत आलेलीच नव्हती. आम्ही अकरा रात्री कार्यालयात काढल्या. त्या बाई रोज थांबल्या, एकदाही ‘मी सांगितलं होतं’ म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या असत्या तर बरं वाटलं असतं मला.

ते गृहस्थ काही बदमाश नव्हते. मी खूप विचार केला यावर. माझ्यापाशी त्यांची सगळी पत होती ती मला खूश ठेवण्याची. वाईट बातमी घेऊन माझ्यासमोर येणं त्यांना परवडतच नव्हतं. आज एक आक्षेप दाबला, उद्या दुसरा, आणि महिनाभराने सांगायची सोयच उरली नाही. खुशामत करणाऱ्याची खरी अडचण ही असते, आणि खुशामत ऐकणाऱ्याचं खरं नुकसानही इथेच होतं. २०११ मध्ये पार्क, वेस्टफॉल आणि स्टर्न या संशोधकांनी अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्यांच्या प्रमुखांचा अभ्यास केला. ज्यांच्याभोवती स्तुती आणि होकार जास्त, त्यांना स्वतःच्या निर्णयाची खात्री जास्त, आणि कंपनी घसरायला लागली तरी दिशा बदलायला ते नाखूश. लेकीने हे वाचून दाखवलं तेव्हा मला त्या अकरा रात्रीच आठवल्या.

या प्रसंगानंतर मला साहेब नावाचा प्राणी थोडा उमगला, कारण तोवर मी स्वतःच साहेब झाले होते. साहेब घाबरलेला असतो. बाहेरून आवाज चढलेला असतो, पण आत भीती असते. सोमवारच्या व्हीसीत, म्हणजे व्हिडिओवरच्या बैठकीत, जिल्हा परिषदेचे सीईओ अचानक आपल्या तालुक्याचा घरकुलांचा आकडा विचारतील आणि तो पाठ नसेल. सभेत एखादा सदस्य असं काही काढेल ज्याची फाइलच आपण पाहिलेली नाही. मार्चअखेर निधी परत जाईल. या भीतीवर तुमचा सहकारी दिवसातून दहा वेळा फुंकर घालतो: साहेब, तुम्ही आहात म्हणजे काही होत नाही. साहेबांना पेरू नको असतात हो, पेरू ते बाजारातून आणतील. त्यांना तो धीर हवा असतो. आणि धीर देण्याचे दोन मार्ग आहेत. एक, काही होणार नाही असं सांगणं. दुसरा, काय होऊ शकतं आणि त्याचं काय करायचं, हे आधीच हातात ठेवणं. दुसरा तुम्हाला येतो. तुम्ही तो वापरलेला नाही एवढंच.

वापरायचा कसा, ते माझ्या अनुभवातून सांगते. सोमवारी व्हीसी असेल तर शुक्रवारी संध्याकाळी तुमच्या टेबलाचे आकडे एका पानावर, मोठ्या अक्षरात, साहेबांच्या हातात द्यायचे. ‘साहेब, विचारलं तर असावं म्हणून’, एवढंच बोलून बाहेर. तिसऱ्या शुक्रवारी साहेब स्वतः विचारतील, ‘कागद कुठाय?’ वाईट बातमी असेल तर ती सकाळी अकराच्या आत सांगायची, बाहेरून कानावर येण्याआधी, आणि सोबत काय करता येईल याच्या दोन वाटा घेऊन जायचं. चूक तुमची असेल तर ‘माझ्याकडून राहिलं’ हे पहिलं वाक्य. माझ्या पहिल्या कार्यालयीन अधीक्षकांनी मला शिकवलं होतं, ‘साहेबाला नाही म्हणायचंय? मग आधी दार लाव.’ चार माणसांसमोर विरोध करायचा नाही, आत एकदाच स्पष्ट सांगायचं, आणि तरीही साहेब ऐकत नसतील तर टिप्पणीत नियम उद्धृत करून ‘निर्णयार्थ सादर’ लिहायचं. री ओढणारा माणूस टिप्पणीत काही लिहीत नाही; लेखापरीक्षणात साहेबांना पुढे वाचवते ती तुमची टिप्पणी.

स्तुती अजिबात करायची नाही, असं मी म्हणत नाहीये. तुमच्यासारखी माणसं इथेच अडतात. चार लोक खोटं गोड बोलतात म्हणून खरं चांगलंही तुम्ही तोंडातून काढत नाही, आणि मग लोक शिष्ट म्हणतात, त्यात त्यांची पूर्ण चूक नाही. साहेबांनी एखादं काम नीट केलं तर सांगावं. फक्त मोघम सांगू नये. ‘साहेब, तुम्ही ग्रेट आहात’ हे कुणीही कुणालाही म्हणतो. ‘साहेब, त्या दिवशी सभेत तुम्ही त्या ग्रामसेवकाला सगळ्यांसमोर बोलला नाहीत, नंतर बोलावून समजावलंत, त्याने पुढच्या आठवड्यात सगळे दाखले निकाली काढले’ हे म्हणायला ते बघितलेलं असावं लागतं. मी स्वतःपुरती एक कसोटी ठेवली होती: या साहेबांची बदली झाल्यावर, ते माझं काही करू शकत नसताना, हेच वाक्य मी चारचौघांत म्हणेन का? म्हणेन, तर आत्ताही म्हणायचं. नाहीतर गप्प. दुसरं पथ्य असं की ज्या दिवशी कौतुक त्या दिवशी मागणी नाही. दोन्ही एकत्र आलं की खरं कौतुकही लाच वाटतं.

सेवा हा प्रकार मात्र कटाक्षाने टाळा. मुलाला क्लासला सोडणं, गॅस सिलिंडर आणणं, गावाकडचं दूध पोचवणं. आमच्याकडे एक जण एका साहेबांना रोज सकाळी म्हशीचं दूध द्यायचा, आपणहून सुरू केलेलं. आईच्या आजारपणात दोन दिवस दूध गेलं नाही, तर तिसऱ्या दिवशी साहेबांनी त्याला केबिनमध्ये बोलावून विचारलं, ‘काय, नाराज आहात का आमच्यावर?’ कौतुक एकदा करून थांबता येतं. सेवा एकदा सुरू झाली की ती तुमची ड्यूटी होते, आणि तिला रजाही नसते.

तुमच्या सहकाऱ्याबद्दल इतरांना चीड आहे असं लिहिलंय. एकदा नीट बघा, चीड नक्की कशाची आहे. नेदरलँड्समधल्या रोस वोंक नावाच्या मानसशास्त्रज्ञांनी १९९८ मध्ये दाखवलं होतं की वरिष्ठांशी गोड वागणाऱ्या माणसाकडे लोक संशयाने बघतातच, पण तोच माणूस हाताखालच्यांशी वाईट वागत असेल तर तो अगदी डोक्यात जातो. म्हणजे तुमचा सहकारी शिपायाला ‘अरे-तुरे’ करतो का, अर्ज घेऊन आलेल्या म्हाताऱ्याला ‘उद्या या’ म्हणून हाकलतो का, हे पाहा. तसं असेल तर चीड रास्त आहे. तो सगळ्यांशीच गोड असेल, तर कदाचित त्याचा स्वभावच तसा असेल आणि आपल्याला हेवा वाटत असेल. तेही होतं. मला व्हायचा. काही झालं तरी साहेबांकडे त्याची चहाडी करू नका. तुमचं बोलणं संपायच्या आत ते त्याला कळलेलं असेल, केबिनमध्ये दिवसभर तोच असतो ना.

आता टेबलाचं. ‘तीन वर्षं मागतोय’ असं लिहिलंत, पण कुणाकडे मागितलंत ते लिहिलं नाही. माझा अंदाज आहे, चहाच्या टपरीवर. हे मी हसून लिहितेय, मीही तेच केलंय. साहेबांना एकदा वेळ मागून थेट भेटा आणि ‘माझा नंबर होता’ हे म्हणू नका. त्यांच्या कामाचं काय आहे ते सांगा. समजा सेवापुस्तकांची पडताळणी तुंबली असेल, निवृत्तीला आलेल्यांची प्रकरणं अडली असतील, तर म्हणा, ‘साहेब, हे काम मला द्या, सहा महिन्यांत एवढी सेवापुस्तकं पूर्ण करून देतो.’ आकडा तुम्हाला झेपेल तेवढाच सांगा. टेबल मिळालं नाही तरी कामाचा एक तुकडा मिळेल, आणि तुम्ही काही मागू शकता हे साहेबांना कळेल. सहा वर्षं न मागणारा माणूस समाधानी आहे असंच सगळे धरून चालतात.

आणि अहवाल. वार्षिक मूल्यमापनाच्या अर्जात स्वतःच्या कामाबद्दल लिहायची जागा असते. तिथे दहापैकी आठ जण ‘सोपवलेली सर्व कामे वेळेत पूर्ण केली’ असं लिहितात. मी शंभरेक अहवाल तरी हाताळले असतील. असं वाक्य वाचून समोरच्याने काय केलं यातलं काहीच आठवत नाही, मग लिहिणारा अधिकारी गेल्या दोन महिन्यांत कोण डोळ्यांसमोर होतं ते आठवतो, आणि तिथे तुमचा सहकारी जिंकतो. तिथे संख्या लिहा: किती प्रकरणं आली, किती निकाली निघाली, जुनी किती संपवली. आलेल्या कागदांचं काय झालं ते लिहायची कार्यविवरण नोंदवही तुमच्याकडे आहेच. शासनाने स्वतःची टिमकी वाजवायला कायदेशीर दिलेली ही एकमेव जागा आहे, ती मोकळी सोडू नका. आणि ‘निश्चित चांगला’ मिळायला हवं तिथे कारण नसताना ‘साधारण’ आलं, तर गप्प बसू नका. २००८ साली देव दत्त खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ठरवून दिलंय की अहवालातली प्रत्येक नोंद कर्मचाऱ्याला कळवली पाहिजे, प्रतिकूल असो वा नसो, म्हणजे त्याला त्याविरुद्ध अभिवेदन, म्हणजे आपलं लेखी म्हणणं, देता येईल. हे माहीत असलेल्या माणसाला मर्जीची भीती जरा कमी वाटते.

हे सगळं करूनही कदाचित हे साहेब तुम्हाला जवळ करणार नाहीत. काहींना आरसाच लागतो, कागद नको असतो. अशा वेळी सरळ तीन वर्षं मोजा. माझ्या त्या फटकळ बाईंना माझ्यानंतर आलेल्या अधिकाऱ्यांनी पहिल्या महिन्यातच लेखाआक्षेपांचं टेबल दिलं, कारण समितीच्या वेळी अकरा रात्री कोण थांबलं होतं हे त्यांनी शिपायाला विचारलं होतं. माझ्या हातून त्यांचं काही झालं नाही. पुढच्या वर्षी प्रतवारी सुधारली तेवढीच.

राहिले ते पाचशे रुपये. साहेब ज्या महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियमांनी, १९७९ च्या, बांधलेले आहेत, त्यांत स्वतःच्या सन्मानार्थ समारंभ पूर्वपरवानगीशिवाय स्वीकारू नये असं म्हटलंय. खासगी, घरगुती स्वरूपाचा निरोप समारंभ तेवढा चालतो. केंद्राच्या १९६४ च्या नियमांत तर निरोपासाठीसुद्धा वर्गणीचा दबाव आणू नये आणि खालच्या दोन वर्गांकडून (तिसऱ्या आणि चौथ्या) वरच्या अधिकाऱ्यासाठी वर्गणी गोळाच करू नये, अशी स्पष्ट टीप आहे. नियम करणाऱ्यांनी आपल्याला चांगलंच ओळखलं होतं. पण तुम्ही हे नियम वर्गणीच्या यादीवर लिहून परत पाठवू नका. शंभर रुपये द्या, म्हणा ‘माझ्याकडून केकपुरते’, यादीत शंभरच लिहायला लावा. केक कापताना हजर राहा, शुभेच्छा द्या, मागच्या रांगेत उभे राहा. आणि सुरी साहेबांच्या हातात द्यायला जो पुढे होईल त्याला होऊ द्या.